सेंद्रिय गूळ घेताय? आधी गुऱ्हाळावर जा

कोल्हापुरात माझं सेंद्रिय गुळाचं दुकान आहे. नव्या दुकानदाराला पहिलं सांगतो: नमुना दुकानात मागवू नका, गुऱ्हाळावर जा. काहिलीजवळ, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईजवळ, उभं राहून बघा. मळी काढायला भेंडीचं पाणी घालतात, की कोपऱ्यात हायड्रॉसचा, म्हणजे गुळाचा रंग उजळवणाऱ्या रसायनाचा, डबा आहे? भेंडीवरचा गूळ तांबूस-काळपट निघतो. गिऱ्हाईक पिवळाधमक मागतंय म्हणून तुम्ही गूळ बनवणाऱ्या गुळव्याला रंगावरून टोकलंत, तर तो डबा तुम्हीच उघडायला लावलात.

भाव काहिलीखालचं चुलवाण पेटायच्या आधी ठरवा. इथल्या शाहू मार्केट यार्डातला गुळाचा सौदा, म्हणजे लिलावातला भाव, रोज हलतो, शिवाय तिथं रंगाला पैसे मिळतात. त्याला आपला दर बांधू नका. थोडी उचल द्या, बाकीचे पैसे माल उतरल्यावर आठवड्याच्या आत. शेतकरी दरावरून कमी तुटतो, थकलेल्या पैशावरून जास्त.

कागद म्हणाल तर सेंद्रिय असल्याचं प्रमाणपत्र बघा: पीजीएस-इंडियाचं (शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेती तपासतो ती पद्धत) किंवा एनपीओपीचं (केंद्राचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम), आणि त्याची मुदत बघा. निर्यात करायची असेल तर एनपीओपीच लागतं. प्रत्येक रव्यावर, म्हणजे गुळाच्या ढेपेवर, शेताचा गट नंबर आणि तारीख टाकून घ्या. पावसाळ्यात गूळ पाझरला तर नुकसान कुणाचं, हेही आत्ताच लिहून ठेवा.