जर्मनीत एका सत्रासाठी जाताना: तयारीची यादी

जर्मन विद्यापीठाचं हिवाळी सत्र कागदावर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असं सहा महिन्यांचं असतं, पण तास भरतात ते साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत. मधे नाताळची सुट्टी. एक्स्चेंजवर, म्हणजे आपल्या विद्यापीठातर्फे तिथे एका सत्रासाठी, जाणाऱ्याच्या हाती खरे साडेतीन महिने लागतात. त्यातला पहिला महिना कागदांमागे धावण्यात गेला, तर शिकायला आणि शहर बघायला उरतं काय? तिथे एका कागदावाचून दुसरा अडतो, आणि सगळं येऊन थांबतं ते राहत्या पत्त्यापाशी. म्हणून बॅगेच्या आधी पत्ता.

निवड झाल्याचं पत्र आलं की त्याच आठवड्यात वसतिगृहाचा अर्ज टाका. बहुतेक वसतिगृहं श्टुडिरेंडेनवेर्क नावाची वेगळी संस्था चालवते, त्यामुळे प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळाली असं धरून चालू नका. करार सहसा महिन्याच्या १ तारखेपासून लागू होतो. किल्ली देणारा हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीचा व्यवस्थापक, शनिवार-रविवारी नसतो, इतर दिवशीही ठरलेल्या तासांतच भेटतो. तेव्हा विमानाचं तिकीट कामाच्या दिवशी सकाळी पोहोचेल असंच काढा. ३ ऑक्टोबरला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते, हे विसरू नका.

व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते. शिष्यवृत्ती नसेल तर त्यासाठी श्पेअरकोंटो, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच हाती देणारं बंद खातं. सप्टेंबर २०२४ पासून त्याचा हिशेब महिन्याला ९९२ युरो असा आहे. पाच महिन्यांना ४,९६० युरो. हे पैसे तिथलं खातं सुरू झाल्याशिवाय हाती पडत नाहीत, म्हणून पहिल्या महिन्याचं भाडं, डिपॉझिट आणि जेवणखाण भागेल एवढी रक्कम फॉरेक्स कार्डावर वेगळी ठेवा. एक्स्चेंजवाल्यांना शिक्षणशुल्क सहसा माफ असतं, पण सत्राची वर्गणी बहुधा भरावी लागते. ती किती आणि तिच्यात प्रवासाचा पास येतो का, हे आधीच विचारून घ्या.

विम्यात बरेचजण फसतात. भारतातून काढलेला प्रवास विमा व्हिसाला चालतो, विद्यापीठात नाव नोंदवायला बहुधा चालत नाही. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला तिथला सरकारी आरोग्य विमा लागतो, त्याला महिन्याला दीडशे युरोच्या आसपास पडतात. हा विमा सत्राबरोबर सुरू होतो. तुम्ही सप्टेंबरमध्ये पोहोचणार असाल तर मधल्या दिवसांपुरता प्रवास विमा हवाच. खासगी विमा स्वस्त दिसतो म्हणून सरकारी विम्यातून सूट मागू नका. एकदा घेतलेली सूट तो अभ्यासक्रम संपेपर्यंत मागे घेता येत नाही.

हातातल्या पिशवीत पासपोर्ट, निवडपत्र, खोलीचा करार, विम्याचे कागद, लर्निंग ॲग्रीमेंट (तिथे कोणते विषय घेणार याचा दोन्ही विद्यापीठांशी केलेला करार) आणि ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो ठेवा, प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स प्रतींसह. भारतातलं सिम बंद पडू देऊ नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, म्हणून निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या आणि रिचार्जची तारीख घरच्यांना सांगून ठेवा.

आता बॅग. जाड जॅकेट इथून नेऊ नका, तिथे जास्त उबदार आणि सेकंडहँड स्वस्तही मिळतं. पहिल्या आठवड्यापुरता स्वेटर आणि थर्मलचे दोन जोड पुरे. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, पण तिथला सॉकेट भिंतीत गोल खोलगट असतो. त्यात चौकोनी, रुंद बुडाचा अडॅप्टर शिरतच नाही. गोल बुडाचा, अर्थिंगची पट्टी असलेला एकच अडॅप्टर आणि भारतीय एक्स्टेन्शन बोर्ड न्या, लॅपटॉपसकट सगळं त्यावर चालतं. मोबाइलचा बारीक दोन पिनांचा चार्जर बहुधा थेट बसतो.

कुकर नक्की न्या, दोन-तीन लिटरचा, स्टीलचा, सपाट इंडक्शन बुडाचा. वसतिगृहात गॅस क्वचितच असतो. काचेची किंवा लोखंडी तव्यासारखी विजेची शेगडी असते, आणि इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. जादा रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बरोबर असू द्या. तांदूळ, डाळी, कणीक तिथल्या भारतीय किंवा तुर्की दुकानांत मिळतात, त्यांचं वजन वाहू नका. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, आमसुलं आणि मेतकूट मात्र न्या. ही चव तिथे सहजासहजी मिळत नाही.

खाऊ भरताना युरोपीय संघाचा नियम पाळा: बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. साजूक तूप, पेढे, बर्फी, खवा यातलं काहीच नको. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नकोत. त्याहून गंभीर बाब खसखशीची. दुबई किंवा अबुधाबीमार्गे जाणार असाल तर बॅगेत खसखस नसावी. संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांत मोजतात. आईने प्रेमाने दिलेले अनारसे आणि घरगुती मसाल्यात पडलेली खसखस, दोन्ही तपासा. औषधं स्वतःपुरती, जास्तीत जास्त तीन महिन्यांची, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. चष्मा असेल तर दुसरा जोड घ्या.

पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी टपालपेटीवर आणि घंटीवर आपलं आडनाव लावा, पासपोर्टवरच्या स्पेलिंगनेच. तिथे टपाल खोली क्रमांकावर नाही, नावावर येतं. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि पिन दुसऱ्यात येतो, विम्याचं कार्डही टपालानेच. खोलीचा ताबा घेताना भिंतीवरचे डाग, ओरखडे, तुटलेली खुंटी सगळं ताबापत्रात लिहून घ्या आणि फोटो काढा, नाहीतर ते डिपॉझिटमधून कापलं जातं. गादी असते, उशी-पांघरूण बहुधा नसतं.

मग दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची सरकारी नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. तिला घरमालकाने सही केलेला ताबा दिल्याचा दाखला लागतो. नुसता करार चालत नाही. कार्यालयाची अपॉइंटमेंट मोठ्या शहरांत आठवडे पुढची मिळते, म्हणून भारतातूनच ऑनलाइन घ्या. व्हिसा पूर्ण मुक्कामाचा नसेल तर परदेशी नागरिक कार्यालयाची वेळही लगेच मागा. नोंदणी झाली की रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो, प्रत्येक घरामागे. टीव्ही नसला तरी भरावंच लागतं. फ्लॅटमध्ये इतर कोणी आधीच भरत असेल तर त्याचा शुल्काचा क्रमांक कळवा. पत्र टाळलं तर दंड चढतो.

घरात सवयी बदलाव्या लागतात. मोहरी-मिरचीची फोडणी देताना खिडकी उघडी आणि दार बंद ठेवा, कारण धुराचा अलार्म काही इमारतींत थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो आणि त्यांच्या विनाकारण फेरीचं बिल तुम्हाला येऊ शकतं. थंडीत खिडकी किलकिली ठेवू नका, दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सताड उघडा. खोलीत कपडे वाळवून हवा कोंडली की भिंतीला बुरशी धरते. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच दूध-भाजी आणा. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर आणि पेयाच्या कॅनवर २५ सेंट अनामत असते, बाटली चेपू नका, बाटल्या परत घेणारं यंत्र ती घेत नाही.

अभ्यासाकडे येऊ. वेळापत्रकात १० सी.टी. लिहिलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो, एस.टी. असेल तर दहाच्या ठोक्याला. विषयाला नाव नोंदवणं आणि त्याच्या परीक्षेला नाव नोंदवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेच्या नोंदणीची तारीख सत्राच्या मध्यातच उलटून जाते आणि मग सगळे तास करूनही क्रेडिट मिळत नाहीत. ३० ईसीटीएस, म्हणजे युरोपीय क्रेडिट, हा एका सत्राचा पूर्ण भार. तिथे पोहोचल्यावर विषय बदलला तर लर्निंग ॲग्रीमेंटवर दोन्ही विद्यापीठांच्या सह्या पुन्हा घ्या. गुण उलटे मोजतात: १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास.

खोली सोडण्याची लेखी सूचना परतीच्या किती आधी द्यायची ते करारात वेळेवर बघा, ती मुदत महिनाभराहून लांबही असते. पत्त्याची नोंद रद्द करायला निघण्याच्या आधीच्या आठवड्यापासून सुरुवात करता येते. नोंद रद्द झाल्याच्या दाखल्यावर विमा, रेडिओ शुल्क आणि मोबाइलचा करार बंद करा. बँकेचं खातं मात्र डिपॉझिट परत येईपर्यंत चालू ठेवा, त्याला कित्येकदा दोन-तीन महिने लागतात. गुणपत्रकासाठी एक्स्चेंज कार्यालयाला घरचा पत्ता आणि चालू राहणारा ईमेल द्या, कारण विद्यापीठाचा ईमेल नाव कमी झाल्यावर बंद होतो.