पटावर नाव, पोर वाड्यावर

कातकरी वाडीवर नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांनो, आशाताईंनो, हे तुमच्यासाठी. पोरं विकणारा म्हटलं की डोळ्यांपुढे अनोळखी दलाल येतो. इथे मध्यस्थ ओळखीचा असतो आणि व्यवहार घरातच ठरतो. 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातली एक कातकरी मुलगी दगावली, तेव्हा कुठे बोभाटा झाला की थोडक्या पैशांवर नि एखाद्या मेंढीवर पोरं मेंढपाळांच्या वाड्यावर, म्हणजे तळावर, मेंढ्या वळायला दिली जात होती.

पोर पटावर आहे, शाळेत नाही. घरी विचारलं तर "मामाकडे गेलाय". कुठल्या गावी, ते मात्र कुणी सांगत नाही. परतलेल्या पोराचे तळपाय बघा, अंगावरचे वळ बघा. प्रश्न त्याला विचारला आणि उत्तर बापाने दिलं, तर तेही ध्यानात ठेवा.

बोलायचं ते एकट्याशी, पण दार उघडं ठेवून. "तुला विकलं का?" असं कधीच विचारू नका. "झोपायचास कुठे? जेवायला कोण द्यायचं? घरी जायचंय म्हटलं तर काय व्हायचं?" एवढं पुरे. तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा. पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका, आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन तर अजिबात देऊ नका.

बापाला बोलावून समज द्यायची खोड आपल्याकडे फार आहे. तसं केलंत तर पोर रातोरात दुसऱ्या वाड्यावर जातं. आधी 1098 या बाल मदत क्रमांकावर फोन करा. प्रकरण बाल कल्याण समितीपुढे गेलं पाहिजे. लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तर पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, कळवणं बंधनकारकच आहे. मुख्याध्यापकांच्या होकारासाठी थांबायचं नाही.

सुटून आलेलं पोर बरेचदा पहिलं हेच विचारतं, "बाई, बापाने घेतलेली उचल कोण फेडणार?" त्याला स्पष्ट सांगा, कुणीच नाही. 1976 च्या वेठबिगारी कायद्याने ते कर्जच रद्द होतं. मुक्तीच्या दाखल्यासाठी प्रांत किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाचा पाठपुरावा करा. आईबापांना त्याच्यासमोर शिव्या घालू नका. त्याचा जीव अजून त्यांच्यातच असतो.

घरी पाठवायचं की नाही, हे समिती ठरवेल. तुम्ही त्या घरात रेशनकार्ड, जातीचा दाखला, रोजगार हमीचं जॉबकार्ड आहे का ते बघा. आणि धाकट्या भावंडांची हजेरी दर आठवड्याला तपासा, कारण उचल पुन्हा घ्यायची वेळ आली की पाळी त्यांची असते.