सोमाली गर्भवतीशी बाळाच्या हालचालींविषयी कसे बोलावे

स्वीडनमध्ये स्थायिक झालेल्या सोमाली स्त्रियांमध्ये बाळ पोटातच दगावण्याचे प्रमाण तिथे जन्मलेल्या स्त्रियांपेक्षा जास्त आहे, म्हणून तिथल्या सुईणीने हालचालींचा विषय घाईत उरकू नये.

नवऱ्याला किंवा मोठ्या मुलीला दुभाषी करू नका. व्यावसायिक दुभाषी बोलवा. ‘हालचाल ठीक आहे ना?’ असे विचारले, तर बऱ्याचदा ‘अल्हम्दुलिल्लाह’ एवढेच उत्तर येते, आणि त्यात कृतज्ञता असते, माहिती नसते. त्याऐवजी ‘काल रात्री तुम्ही आडव्या झालात तेव्हा बाळ काय करत होते?’ असे विचारावे. मग ती पोटावर हात ठेवून उसळी, वळवळ, सावकाश सरकणे असे वेगवेगळे दाखवू लागते. हेच तिने रोज टिपायचे असते: 28व्या आठवड्यापासून, बाळ जागे असताना, डाव्या कुशीवर 15 मिनिटे पडून. लाथा मोजण्याची गरज नाही. हालचालींचा जोर आणि रीत ओळखीची झाली की बदल लगेच कळतो.

दिवस भरत आले की बाळ शांत होते, हा समज खोटा आहे, हे तिला स्पष्ट सांगा. हालचाल मंदावली तर गोड खाऊन किंवा सकाळपर्यंत वाट पाहू नये. रात्रीही प्रसूती विभागाला फोन करावा, आणि नंबर सापडत नसेल तर 1177 या स्वीडनमधल्या आरोग्यसल्ल्याच्या फोनसेवेला. सिझेरियनच्या धास्तीने अनेकजणी फोन टाळतात. तपासणी म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे आणि पुन्हा पुन्हा आलात तरी कोणी रागावणार नाही, हे तोंडाने सांगितल्याशिवाय तिला कळणार नाही. जन्ममृत्यू अल्लाहच्या हाती, असे ती म्हणाली तर वाद घालू नये. आधी उंट बांधावा, मग भरवसा ठेवावा, ही शिकवण मुस्लिम घरांत परिचयाची असते; ती तिच्याकडूनच येऊ द्यावी.

बाळ गेलेच, तर (स्वीडनमध्ये 2008 पासून 22 पूर्ण आठवड्यांनंतरचे असे बाळ मृतजन्म म्हणून नोंदले जाते) बाळाला पाहणे, कुशीत घेणे, फोटो, शवविच्छेदन, स्नान आणि दफन यांबद्दल एकेक करून विचारावे. ‘मुसलमान आहे, नकोच म्हणेल’ असे आपणच ठरवून टाकणे मला अन्यायाचे वाटते. तिच्या बाळाला नाव असेल तर ते विचारून नोंदीत लिहावे, म्हणजे पुढच्या गरोदरपणी नव्या सुईणीला सगळे पहिल्यापासून सांगण्याची वेळ तिच्यावर येणार नाही.