तळघरातला संडास बदलताना या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कितीतरी जुन्या घरांना तळघर आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की दुपारी सगळं घर खाली उतरतं. आमच्याही तळघरात संडास होता, जुना देशी भांड्याचा. आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हा तिथे कमोड बसवायचं ठरलं आणि आम्ही थेट दुकान गाठलं. पहिली चूक तीच. आधी पातळी मोजायची, मग खरेदी.

गल्लीतली गटारलाइन तुंबली की घाण पाणी चेंबरच्या झाकणापर्यंत चढतं. त्या उंचीच्या खाली जे भांडं असेल, त्यातून ते घरात येतं. मिस्त्रीची पारदर्शक लेव्हल-नळी पाण्याने भरा, एक टोक चेंबरच्या झाकणाशी धरा, दुसरं तळघराच्या जिन्यात. तळघराची फरशी किती खाली आहे ते लगेच दिसतं. फरशी बहुतेक खालीच निघते, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी, उलट येऊ न देणारी झडप) हवाच.

पण तो लावायचा कुठे, यावर आमच्याकडे मोठा घोळ झाला. प्लंबरने तो घराच्या मुख्य लाइनवर बसवला. पहिल्याच जोरदार पावसात बाहेरचं पाणी अडलं खरं, पण वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचं पाणी व्हॉल्व्हच्या अलीकडे साचलं आणि तळघरातल्या कमोडमधून वर आलं. आईची गादी खालीच होती, ती टाकून द्यावी लागली. व्हॉल्व्ह फक्त तळघराच्या फाट्यावर लावा, उघडून साफ करता येईल अशा जागी. तो बंद असेल तेव्हा खालचा संडास वापरायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. आणि चेंबरमधला पाइपच फरशीपेक्षा उंचावर असेल, तर उताराने मैला जाणारच नाही; मैला वर ढकलणारा पंप घ्यावा लागतो आणि त्याला इन्व्हर्टरही.

उतार मिळत असेल तर ४ इंची पाइपला १० फुटांत ३ इंच द्या. जुना बिडाचा पाइप आतून गंजून अरुंद झालेला असतो. जुनी साखळीची टाकी एका वेळी १२ लिटरच्या आसपास पाणी सोडायची, नवी ६ लिटर सोडते. म्हणून जुनं भांडं काढण्याआधी त्यात रंगीत पाण्याची बादली ओता आणि चेंबरपाशी एकाला उभं करा. पाणी रेंगाळत आलं तर पाइपही बदला.

आता खरेदी. कमोडच्या बुडातलं पाणी धरून ठेवणारं वळण म्हणजे ट्रॅप. 'एस ट्रॅप'चं तोंड जमिनीत जातं, 'पी ट्रॅप'चं मागच्या भिंतीत. एस असेल तर भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंत मोजा, बहुधा ९ किंवा १२ इंच. आम्ही उघड्या दगडी भिंतीपासून मोजलं. प्लास्टर आणि टाइलने दीड इंच खाल्ला आणि टाकी मागे बसेना.

तोडताना ब्रेकर मशीन नको. चुन्यात बसवलेले दगड हादऱ्याने सुटतात, छिन्नी-हातोडाच बरा. भांडं निघालं की पाइपच्या तोंडात गोणपाट कोंबा, दोरी बांधून. तोंड उघडं राहिलं तर गटाराचा वायू तळघरात साठतो. त्यातला हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तो खालीच राहतो आणि जास्त झाला की नाकाला वास येणंच थांबतं. दार उघडं, पंखा सुरू, आणि खाली कुणी एकटं नाही.

कमोडच्या बुडाशी सिमेंट भरू देऊ नका, पुढे काढताना भांडं फुटतं. रबरी कनेक्टर, बोल्ट आणि कडेने सिलिकॉन पुरे. मागच्या बाजूला इंचभर जागा मोकळी ठेवा, म्हणजे गळती आत न मुरता तिथून बाहेर दिसेल.

थंडीत तळघर बंद राहतं. तेव्हा ट्रॅपमधलं दोन इंच पाणी हळूहळू आटतं आणि वास घरभर फिरतो. आई आता दर रविवारी खाली कमोडमध्ये आणि फरशीवरच्या जाळीत एकेक तांब्या पाणी ओतून येते.