नाशिकला नवीन आलात? कीबोर्ड घेण्याआधी आपली खोली बघा

मी धुळ्याहून नाशिकला आलो त्याला आता नऊ वर्षं होतील. आपल्याकडची पोरं इथे आली, खोली मिळाली, मेस लागली, की दुसऱ्या-तिसऱ्या पगारात गेमिंगच्या वायरलेस कीबोर्डचा विषय निघतोच. तीन ते पाच हजारांत चांगला कीबोर्ड मिळतो, फक्त लाइटिंगकडे बघून घेऊ नका.

आधी आवाजाचं बघा. पाथर्डी फाट्याला आम्ही एका खोलीत तिघं राहायचो. त्यातल्या एकाची अंबडला फर्स्ट शिफ्ट, तो पहाटे पाचला उठायचा. मी ब्लू स्विचचा कीबोर्ड आणला होता (स्विच म्हणजे प्रत्येक कीखालचा दाबला जाणारा भाग). प्रत्येक की दाबली की टक्‌ आवाज. रात्री साडेबाराला तो अंथरुणात उठून बसला, काही बोलला नाही, नुसतं माझ्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवसापासून मी रात्री खेळणं बंद केलं. खोलीत कोणी सोबत असेल तर रेड स्विच घ्या. की सरळ खाली जाते, मध्ये टक्‌ होत नाही. ‘हॉट-स्वॅप’ लिहिलेलं असेल तर फारच उत्तम, पुढे सोल्डरिंग न करता स्विच बदलता येतात.

गेम खेळायचा तो २.४ गिगाहर्ट्‌झच्या डोंगलवर (कीबोर्डसोबत येणारा, यूएसबी पोर्टला लावायचा छोटा रिसीव्हर), ब्लूटूथवर नाही. चांगला डोंगल संगणकाला सेकंदात १००० वेळा माहिती पाठवतो. ब्लूटूथला एवढा वेग नसतो. ब्लूटूथ मोबाईल-टॅबला जोडायला ठीक. मात्र डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये, त्यातही शेजारी हार्ड डिस्क लावलेली असेल, तर की अडकल्यासारख्या वाटतात. त्या पोर्टचा गोंगाट नेमका याच फ्रिक्वेन्सीवर येतो. हातभर एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल टेबलावर आणला की बहुतेक वेळा अडचण मिटते.

टेबल छोटं असेल तर ८७ कीचा घ्या, त्यात उजवीकडचा आकड्यांचा भाग नसतो, माऊसला जागा राहते. त्याहून छोट्या, ‘६० टक्के’ आकाराच्या कीबोर्डात बाणांच्या वेगळ्या की नसतात. ऑफिसचं एक्सेलही त्यावरच करणार असाल तर वैतागाल. बॅटरीचं म्हणाल तर ती खाते लाइट. लाइट बंद ठेवली तर चार्जिंग कितीतरी जास्त दिवस पुरतं.

ऑनलाइन भाव बघून ठेवा, पण एकदा एम. जी. रोडला किंवा कॉलेज रोडला दुकानात जाऊन हात लावून या. स्पेसबार मधोमध नाही, कडेला दाबून बघा. खडखडला तर तो ठेवून द्या. पक्कं बिल मागून घ्या, वॉरंटीला तेच लागतं.

माझा पहिला डोंगल दिवाळीला गावी जाताना एसटीत हरवला. कंपनी तो सुटा देत नव्हती, त्यामुळे चांगला चालणारा कीबोर्ड गेमसाठी बाद झाला. बऱ्याच कीबोर्डांना खालच्या बाजूला डोंगलसाठी खाच असते. बॅग भरताना आधी तो तिथे बसवा.