‘त्याला वर आणा की!’ म्हणण्याआधी : आइस हॉकीतली नवी पोरं जोखताना या चुका टाळा

टोरांटोत हिवाळा लागला की आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनच विषय उरतात : दारातला बर्फ कोण उपसणार आणि इथल्या आइस हॉकी संघाचं, मेपल लीफ्सचं काय चाललंय. संघ लागोपाठ दोन सामने हरला की कुणीतरी लिहितंच, ‘खाली मार्लीजमध्ये तो पोरगा गोलांवर गोल मारतोय, त्याला वर आणा की!’ पहिली काही वर्षं हे लिहिणाऱ्यांत मीही होतो. मग मार्लीजचे, म्हणजे लीफ्सच्या खालच्या संघाचे, सामने प्रत्यक्ष जाऊन बघायला लागलो. तिकीट लीफ्सच्या मानाने फारच स्वस्त, शिवाय मुलांना काचेला नाक लावून बसता येतं. तेव्हा लक्षात आलं की खालच्या संघाकडे आपण ज्या नजरेने बघतो, तिथेच गडबड आहे. आणि हीच गडबड कधीकधी लाखो डॉलर पगार घेणारे जनरल मॅनेजरही करतात.

ज्यांना ही उतरंड नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सगळ्यात वर एनएचएल (नॅशनल हॉकी लीग), 32 संघ. त्याखाली एएचएल (अमेरिकन हॉकी लीग), तीही 32 संघांची, म्हणजे प्रत्येकाला एक जोडीदार. टोरांटोचा मार्लीज, डेट्रॉइटचा ग्रँड रॅपिड्स ग्रिफिन्स, टॅम्पाचा सिरॅक्यूज क्रंच. त्याखाली आणखी एक लीग, ईसीएचएल. एनएचएलच्या संघयादीत जास्तीत जास्त 23 खेळाडू, पण क्लबला एकूण 50 जणांशी करार करता येतो. उरलेले सत्तावीस कुठेतरी खेळत असतात, त्यातले बरेचसे एएचएलमध्ये. एनएचएलमधले जवळपास 90 टक्के खेळाडू आपल्याकडून गेलेले असतात, असं एएचएल अभिमानाने सांगते.

चूक : पोरगं अठराचं झालं, चला वर

ड्राफ्टमध्ये (क्लब आळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात तिथे) पहिल्या पाचांत निवडलेला मुलगा लगेच एनएचएलमध्ये दिसायला हवा, असा आपला हट्ट असतो. एडमंटन ऑयलर्सने हा हट्ट एकदा पुरेपूर पुरवला. 2010 मध्ये टेलर हॉल, 2011 मध्ये रायन न्यूजंट-हॉपकिन्स, 2012 मध्ये नेल याकुपोव्ह. तीन वर्षं सलग पहिल्या क्रमांकाची निवड, आणि तिघेही थेट वर. पण हा संघ 2006 च्या अंतिम फेरीनंतर प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, पोहोचला तो एकदम 2017 मध्ये.

हॉल आणि न्यूजंट-हॉपकिन्स तगले. हॉलने तर पुढे न्यू जर्सीकडून 2018 चा हार्ट करंडक, म्हणजे लीगच्या सर्वात मौल्यवान खेळाडूचा मान, मिळवला. पण याकुपोव्हचं काय झालं बघा. लॉकआउटमुळे छोट्या झालेल्या 2012-13 च्या मोसमात 48 सामन्यांत 17 गोल, नवख्या पोरासाठी झकास. त्यानंतर उतरण. 2016 मध्ये सेंट लुइसला रवानगी, मग कोलोरॅडो, आणि 2018 नंतर एनएचएल संपलीच. घाईनेच वाट लागली, असं छातीठोक म्हणता येणार नाही. पण ज्या संघात अनुभवी माणसं कमी, प्रशिक्षक वरचेवर बदलतात आणि दर रात्री हार ठरलेली असते, तिथे एकोणीस वर्षांचा मुलगा बचाव शिकणार तरी कुणाकडून?

इथे एक नियमही समजून घ्यायला हवा, कारण ‘मग त्याला एएचएलमध्ये का नाही ठेवलं?’ हा प्रश्न हमखास येतो. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून निवडलेल्या 18-19 वर्षांच्या मुलाला वर्षानुवर्षं एएचएलचा दरवाजा बंदच राहिलेला आहे. एक तर एनएचएल, नाही तर परत ज्युनियर. मधली पायरीच नाही. युरोपातून आलेल्या त्याच वयाच्या मुलाला मात्र ती मिळू शकते. म्हणून कुठल्याही नव्या पोराबद्दल मत बनवण्याआधी तो कुठून निवडला गेला हे बघा, अर्ध्या शंका तिथेच मिटतात.

याच एडमंटनने पुढे केलेली दुरुस्ती मात्र शिकण्यासारखी आहे. 2014 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला लिओन ड्रायझाइटल. थेट वर आणला, 37 सामने खेळवला. 2 गोल, 7 असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला हातभार). जानेवारी 2015 मध्ये क्लबने आपली चूक कबूल केल्यासारखं त्याला ज्युनियरला, केलोनाला परत पाठवलं. तिथे तो मोठ्या जबाबदारीने खेळला, ज्युनियरच्या अजिंक्यपदाच्या, मेमोरियल कपच्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढच्या मोसमाची सुरुवातही बेकर्सफील्डला, एएचएलमध्ये, सहा सामन्यांनी झाली. 2020 मध्ये त्याच्याकडे सर्वाधिक गुणांचा (गोल अधिक असिस्ट) आर्ट रॉस करंडक होता आणि हार्टही. त्या जानेवारीत आमच्यासारख्यांनी नक्कीच लिहिलं असतं, ‘फ्लॉप निघाला.’

‘दहाव्या सामन्याआधी परत पाठवला, म्हणजे आवडला नाही’

हे बरेचदा हिशेबाचं काम असतं. अठरा-एकोणीस वर्षांच्या खेळाडूने एनएचएलमध्ये दहापेक्षा कमी सामने खेळले, तर त्याच्या तीन वर्षांच्या पहिल्या कराराचं घड्याळ त्या वर्षी सुरूच होत नाही, करार एक वर्ष पुढे सरकतो. म्हणून नऊ सामने खेळवून निरोप देणं हा जुना रिवाज. त्यात अपमान शोधू नका.

चूक : गोल मोजणं, मिनिटं न मोजणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती घरबसल्या दुरुस्त करता येते.

समजा, वीस वर्षांचा एक फॉरवर्ड आहे. वर आणला तर तो चौथ्या लाइनवर (फॉरवर्डांच्या शेवटच्या तुकडीत) सात-आठ मिनिटं खेळणार. पॉवर प्ले (समोरचा खेळाडू शिक्षेवर बाहेर असतानाचा खेळ) नाही, अटीतटीच्या वेळी बाकावर. खाली ठेवला तर अठरा-वीस मिनिटं, पहिला पॉवर प्ले, एक गोलने पुढे असताना शेवटच्या मिनिटाला बर्फावर. आता सांगा, दोन वर्षांनी ज्याने तुमच्या दुसऱ्या लाइनवर खेळावं असं तुम्हाला वाटतं, त्याची तयारी कुठे होईल? पोहायला शिकणाऱ्याला समुद्रकिनारी खुर्ची टाकून बसवल्यासारखं असतं ते चौथ्या लाइनचं.

म्हणून आकडेवारी उघडली की गोलांच्या आधी या गोष्टी बघा. पॉवर प्लेच्या कुठल्या गटात आहे? पेनल्टी किलला (आपला खेळाडू शिक्षेवर असतानाच्या बचावाला) पाठवतात का? बचावपटू असेल तर कुणाच्या जोडीला आहे, त्याच्यावर भरवसा टाकणाऱ्या जुन्या खेळाडूच्या की दुसऱ्या नवशिक्याच्या? मोसमाच्या सुरुवातीला आणि फेब्रुवारीत यात फरक पडला का? गोल नसताना मिनिटं वाढत असतील तर प्रशिक्षकाला काहीतरी दिसतंय असं समजा.

दुसरं म्हणजे वय. एएचएलमध्ये एकवीस वर्षांच्या मुलाने केलेले 50 गुण आणि सत्तावीस वर्षांच्या माणसाने केलेले 50 गुण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरा बहुधा त्या लीगचा उत्तम खेळाडू आहे, भविष्यातला तारा नव्हे. अर्थात अपवाद असतात आणि त्यांच्यामुळेच आपली खोड जात नाही. यानी गूर्डला कुणी ड्राफ्टच केलं नव्हतं. ईसीएचएलपासून घासत घासत तो टॅम्पाकडून 2017-18 मध्ये पूर्ण मोसम खेळला आणि 25 गोल केले. मायकेल बंटिंग वर्षानुवर्षं अ‍ॅरिझोनाच्या खालच्या संघात राहिला, आणि आमच्या लीफ्समध्ये येऊन 2021-22 मध्ये 63 गुण मिळवून सव्विसाव्या वर्षी ‘नवखा’ म्हणून काल्डर करंडकाच्या (एनएचएलच्या सर्वोत्तम नवख्याचा मान) अंतिम तिघांत पोहोचला.

चूक : खालचा संघ म्हणजे अडगळीची खोली

काही क्लब खाली फक्त पोरंच भरतात, काही म्हाताऱ्या घोड्यांवर शर्यत जिंकायला बघतात. दुसऱ्या प्रकाराला एएचएलनेच लगाम घातलाय : मैदानात उतरणाऱ्या 18 खेळाडूंपैकी (गोलकीपर सोडून) किमान 13 जण ‘विकसित होणारे’ हवेत, आणि त्यातल्या 12 जणांचे व्यावसायिक सामने 260 च्या वर गेलेले नकोत. उरलेल्या पाच जागा अनुभवी माणसांच्या. या पाच जागा कुणाला देता, यावरून क्लबची अक्कल कळते. बसप्रवास, सलग सामने, स्वतःचं जेवण, स्वतःचं भाडं, हे सगळं वीस वर्षांच्या पोराला हा तिशीतला माणूसच शिकवतो.

आणि खाली जिंकणंही महत्त्वाचं असतं. 2011-12 मध्ये टॅम्पाचा तेव्हाचा खालचा संघ नॉरफोक अ‍ॅडमिरल्स सलग 28 सामने जिंकला आणि काल्डर कपही, म्हणजे एएचएलचं विजेतेपदही, घेऊन गेला. प्रशिक्षक जॉन कूपर. संघात ड्राफ्ट न झालेला टायलर जॉन्सन आणि सातव्या फेरीत, 208 व्या क्रमांकावर निवडलेला ओंद्रे पलाट. मार्च 2013 मध्ये कूपर टॅम्पाला गेले, पोरंही गेली. 2020 आणि 2021 ला टॅम्पाने स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला तेव्हा कूपर, जॉन्सन आणि पलाट तिघेही तिथेच होते. पिट्सबर्गचंही तसंच. प्रशिक्षक माइक सलिव्हन डिसेंबर 2015 मध्ये खालच्या विल्क्स-बॅरी/स्क्रँटन संघातून वर आले. तिथलेच ब्रायन रस्ट, कॉनर शेअरी आणि गोलकीपर मॅट मरी यांना घेऊन जूनमध्ये कप उचलला. वर आल्यावर त्या पोरांना नवी पद्धत शिकायची नव्हती, प्रशिक्षकाला त्यांच्या सवयी ठाऊक होत्या.

चूक : वेव्हर विसरणं

डेट्रॉइटचे तेव्हाचे जनरल मॅनेजर केन हॉलंड पोरांना खाली ‘जास्तच पिकू’ देण्यासाठी प्रसिद्ध होते. गोलकीपर जिमी हॉवर्ड ग्रँड रॅपिड्सला चार मोसम मुरला. टोमास टाटार आणि गुस्ताव नायक्विस्ट तिथूनच आले. 2013 चा काल्डर कप ग्रिफिन्सनेच जिंकला. आढीतला आंबा घाईने काढू नये हे खरं, पण आढीत विसरला तर सडतो. इथे ती वेळ ठरवतं वेव्हरचं घड्याळ.

अठराव्या वर्षी करार केलेल्या खेळाडूला साधारण पाच मोसम किंवा एनएचएलचे 160 सामने होईपर्यंत मोकळेपणाने खाली-वर करता येतं. (गोलकीपरांचे आकडे वेगळे, उशिरा करार करणाऱ्यांची मुदत कमी.) त्यानंतर खाली पाठवायचं तर आधी वेव्हरवर ठेवावं लागतं आणि 24 तासांत कुठलाही दुसरा क्लब त्याला फुकटात उचलू शकतो.

हे माहीत नसलं की चांगला खेळाडू खाली का गेला ते कळतच नाही. 2013 च्या शरद ऋतूत नायक्विस्टला ग्रँड रॅपिड्सला पाठवलं, कारण त्याला वेव्हरशिवाय पाठवता येत होतं, इतरांना नाही. नोव्हेंबरमध्ये वर आला आणि 57 सामन्यांत 28 गोल ठोकले. उलट बाजू म्हणजे नॅशव्हिलचा एली टोल्वानेन. 2017 च्या पहिल्या फेरीतली निवड. बरीच वर्षं खाली-वर, मग डिसेंबर 2022 मध्ये वेव्हरवर ठेवला. सिएटलने उचलला, आणि उरलेल्या 48 सामन्यांत त्याने 16 गोल केले. नॅशव्हिलच्या हाती काय आलं? काही नाही.

तेव्हा सप्टेंबरच्या सराव शिबिरात जागांचं गणित मांडताना आधी वेव्हर लागणाऱ्यांची नावं वेगळी काढा. शेवटच्या दोन-तीन जागा बहुतेक वेळा त्यांनाच मिळतात.

गोलकीपरच्या बाबतीत घाई करू नका, आणि आशाही सोडू नका

जाळी एकच. दुसरा गोलकीपर म्हणजे बाकावरचा माणूस, म्हणून तरुण गोलकीपर वर बसवून ठेवणं हा शुद्ध अपव्यय. जॉर्डन बिनिंग्टन 2011 मध्ये 88 व्या क्रमांकावर निवडला गेला. ईसीएचएलमध्ये कॅलमझूला खेळला, मग एएचएल. 2017-18 मध्ये तर सेंट लुइसकडे स्वतःचा असा खालचा संघच नव्हता, म्हणून त्याला बोस्टनच्या प्रॉव्हिडन्स संघात उसना ठेवला. जानेवारी 2019 च्या सुरुवातीला सेंट लुइस अख्ख्या लीगमध्ये तळाला होता. 7 जानेवारीला पंचवीस वर्षांच्या बिनिंग्टनने पहिल्यांदा सुरुवातीपासून सामना खेळला, फिलाडेल्फियाला एकही गोल करू दिला नाही, आणि 12 जूनला स्टॅनली कप हातात होता.

स्वतःचा खालचा संघ नसण्याची ही भानगड कॅरोलायनालाही 2023-24 मध्ये भोवली. शिकागो वुल्व्ज स्वतंत्र झाले आणि पोरं इकडे-तिकडे उसनी ठेवावी लागली. वर्षभराने करार पुन्हा जुळला. अंतराचंही तसंच : पश्चिमेच्या क्लबांनी 2015 मध्ये आपले पाच संघ कॅलिफोर्नियात हलवले, कारण सकाळी जखमी झालेल्याच्या जागी संध्याकाळी पोचणारा खेळाडू हवा असतो. लॉस एंजेलिसचा खालचा संघ त्याआधी न्यू हॅम्पशायरला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला होता!

कॉलेजमधला पोरगा ‘आपलाच’ आहे असं धरून चालणं

ड्राफ्टमध्ये निवडलेला पण क्लबशी करार न केलेला, अमेरिकन कॉलेजात चार वर्षं खेळलेला मुलगा पदवीनंतर 15 ऑगस्टला मोकळा होतो, मग हव्या त्या क्लबकडे जातो. नॅशव्हिलने निवडलेला हार्वर्डचा जिमी व्हेसी 2016 मध्ये असाच सटकला. त्याचे हक्क नॅशव्हिलने बफेलोला दिले होते, तरी तो गेला न्यू यॉर्क रेंजर्सकडे. याद्यांमध्ये अशा मुलांच्या नावापुढे छोटी तारीख लिहून ठेवा.

आणि रविवार दुपारचा सामना बघायला गेलात तर आधी वेळापत्रक तपासा. एएचएलचे सामने वीकेंडला ठासून भरलेले असतात, शुक्रवार-शनिवार-रविवार असे सलग तीनही येतात, मध्ये बसचा प्रवास. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या सत्रात तुमचा आवडता बचावपटू पकच्या (रबरी चकतीच्या) मागे अर्धा सेकंद उशिरा पोचला, तर ग्रुपवर लिहिण्याआधी तो शनिवारी रात्री कुठे खेळला होता ते बघून घ्या.