मिली, इंच आणि सूत: या चुका टाळा

उद्यमनगरात लेथवर माझी बावीस वर्षं गेली. नवीन पोरगं आलं की पहिल्याच आठवड्यात इंचाला पंचवीसनं गुणतं. इंच म्हणजे २५.४ मिली, म्हणजे मिलिमीटर. १९५९ साली अमेरिका, ब्रिटन वगैरे देशांनी मिळून हाच आकडा पक्का केला, माझ्या मनाचा नाही. ‘पॉइंट चारनं काय फरक पडतोय, दादा?’ ४८ इंची शाफ्ट १२१९.२ मिली भरतो, पंचवीसनं १२००. एकोणीस मिली तोकडा. कापलेला शाफ्ट वाढवून कोण देणार?

पण माझं खरं दुखणं सूत. आठ सुतांचा इंच, म्हणून एक सूत ३.१७५ मिली आणि पाच सूत १५.८७५. इथं सगळे बिनधास्त ‘सोळा’ म्हणतात. नुसतं भोक असलं तर खपून जातं, आट्यांत नाही.

एकदा एका गुऱ्हाळाच्या चरकाच्या प्लेटा आल्या. फोनवर निरोप, पाच सुती आटे पाडा. मी जेवायला गेलो आणि पोरानं एम सोळाचा, म्हणजे सोळा मिलीचे आटे पाडायचा टॅप चालवला. बारा प्लेटा, अठ्ठेचाळीस भोकं. संध्याकाळी मालक जुने बोल्ट घेऊन आले. बोल्ट दोन आटे गेला नि अडकला. पोरगं म्हणतंय, ‘पान्यानं जोर लावू का?’ अरे, एम सोळाचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, दोन मिली. पाच सुती व्हिटवर्थला, म्हणजे इंचातल्या जुन्या ब्रिटिश आट्याला, इंचात अकरा आटे, म्हणजे २.३१ मिली. आट्याचा कोनही निराळा, एम सोळाला ६० अंश, व्हिटवर्थला ५५. भोकं वेल्डिंगनं भरली, परत ड्रिल, परत टॅप. मालक बाकड्यावर बसून, मी रात्री दोनला घरी.

तेव्हापासून फोनवरचं माप मी घेत नाही. जुना बोल्ट आणा, पिच गेज लावतो, मग बोलू. गिऱ्हाईक वैतागतं, वैतागू दे.

बाकी किरकोळ. ५.६ फूट म्हणजे पाच फूट सहा इंच नव्हे, सात इंचांच्या वर जातं. चौरस इंचाचे चौरस फूट करताना बारानं नाही, १४४ नं भागा. टेपचा हुक हलतो म्हणून ठोकून घट्ट करू नका, तो स्वतःच्या जाडीएवढा मुद्दामच हलता ठेवलेला असतो. आणि अर्धा इंची जीआय पाइपला व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, लावून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. अर्धा इंच हे त्याचं नाव आहे, बाहेरून तो २१.३ मिलीच्या आसपासच भरतो.